लझानियाची ताजी पट्टी

लझानिया म्हणजे पास्त्याच्या रुंद, पातळ पट्ट्या एकावर एक रचून, मधल्या थरांत सॉस आणि चीज घालून भाजलेला पदार्थ. उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या प्रांतात, विशेषतः बोलोन्या शहरात, या पट्ट्या मैदा आणि अंडी या दोनच जिनसांपासून घरी लाटतात. दक्षिणेत, नेपल्सच्या बाजूला, कठीण गव्हाच्या रव्याच्या, झालरीसारख्या कडा असलेल्या वाळवलेल्या पट्ट्या वापरण्याची चाल आहे. या प्रकरणात उत्तरेकडच्या ताज्या पट्टीचा विचार केला आहे.

ताजी पट्टी साधणे न साधणे हे मुख्यतः पाण्यावर ठरते. पिठात पाणी किती जाते, उंड्यात ते कसे मुरते, लाटताना आणि सुकवताना किती उडून जाते, उकळताना किती परत शिरते आणि ओव्हनमध्ये सॉसमधून किती शोषले जाते, या टप्प्यांवर ज्याचा हात बसला त्याची पट्टी फाटत नाही आणि भाजल्यावर तिचा लगदाही होत नाही. पुढची सारी कृती त्याच क्रमाने दिली आहे.

जुने रूप

लझानियाच्या सर्वांत जुन्या लिखित कृतींपैकी एक ‘लिबेर दे कोक्विना’ या लॅटिन पाकग्रंथात आहे. हा ग्रंथ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो आणि त्याचा संबंध नेपल्सच्या आंझू राजघराण्याच्या दरबाराशी जोडला जातो. त्यातल्या कृतीत आंबवलेले पीठ होईल तितके पातळ लाटायचे, तीन बोटे रुंदीचे चौकोन कापायचे, ते मिठाच्या पाण्यात उकळायचे आणि किसलेले चीज व मसाल्याची पूड पेरत थर लावायचे, असे सांगितले आहे. हे चौकोन टोकदार लाकडी काडीने उचलून खात. त्यात टोमॅटो नाही, कारण टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. तो युरोपात सोळाव्या शतकात पोचला आणि त्याचा सॉस इटालियन पाकग्रंथांत सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागला.

पुढे उत्तरेत पिठातले आंबवण गेले आणि पाण्याच्या जागी अंडे आले. अंडी घालून लाटलेल्या मोठ्या पातळ पोळीला बोलोन्यात ‘स्फोल्या’ म्हणतात आणि ती लाटणाऱ्या बाईला ‘स्फोलिना’. ही एक पोळी अनेक पदार्थांची आई आहे. तिचे चौकोन कापून त्यात सारण भरले की तोर्तेल्लिनी होतात, अरुंद फिती कापल्या की तालियातेल्ले, आणि रुंद तुकडे पाडले की लझानिया. बोलोन्याचे लोक या बाबतीत किती काटेकोर आहेत हे एका नोंदीवरून कळते. १९७२ साली त्यांनी शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तालियातेल्लेची अधिकृत रुंदी नोंदवली. शिजवलेल्या फितीसाठी ती ८ मिलिमीटर आहे. ताटात पडणाऱ्या मांसाच्या सॉसची, म्हणजे रागूची, कृतीही १९८२ मध्ये तिथेच नोंदवली गेली.

पीठ

बोलोन्यात ताज्या पास्त्यासाठी नरम गव्हाचे ‘शून्य-शून्य’ पीठ वापरतात. हे नाव पिठाच्या ताकदीवरून पडलेले नाही. इटलीत पिठाचे वर्ग राखेच्या प्रमाणावरून ठरतात. पीठ जाळल्यावर मागे उरणारी खनिज राख कोंड्यातून येते, म्हणून राख जितकी कमी तितका पिठात कोंडा कमी. शून्य-शून्य पिठात कोरड्या वजनाच्या ०.५५ टक्क्यांहून अधिक राख चालत नाही. त्यातली प्रथिने कमीत कमी ९ टक्के असावी लागतात. पण त्याहून किती जास्त हे पाकिटागणिक बदलते. त्यामुळे केकसाठीचे शून्य-शून्य वेगळे आणि पास्त्यासाठीचे वेगळे निघू शकते.

पास्त्याला लागते ती ग्लुटेनची जाळी. गव्हातली ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही दोन प्रथिने पाणी मिळाल्यावर आणि मळल्यावर एकमेकांत गुंततात. ग्लुटेनिनमुळे पीठ ताणल्यावर मागे खेचते. ग्लायाडिनमुळे ते न तुटता लांबते. पोळी एक मिलिमीटरच्या खाली लाटायची तर दोन्ही गुण हवेत.

महाराष्ट्रात मिळणारा साधा मैदा शून्य-शून्याच्या जागी चालतो. पट्टीला थोडा दाणेदार चिवटपणा हवा असेल तर बन्सी रवा उपयोगी पडतो. हा रवा ड्युरम जातीच्या कठीण गव्हाचा असतो आणि इटलीतला कारखान्यातला वाळवलेला पास्ताही ड्युरमचाच असतो. मात्र रव्याचे कण मोठे असल्याने पाणी आत जायला वेळ लागतो. म्हणून तो मिक्सरमधून पिठीइतका बारीक करून, चाळून, मैद्याच्या पाव हिश्श्यापर्यंत मिसळावा. पोळीच्या कणकेची पट्टी लाटणे अवघड जाते. कणकेतल्या कोंड्याच्या कडा ग्लुटेनची जाळी जागोजागी कापतात. शिवाय चक्कीवर दळताना स्टार्चचे बरेच कण फुटलेले असतात आणि फुटलेला कण जास्त पाणी ओढतो. परिणामी उंडा एक तर कोरडा राहतो किंवा पाणी वाढवल्यावर चिकट होतो.

अंडे आणि प्रमाण

एमिलियातले रूढ प्रमाण सोपे आहे: १०० ग्रॅम पिठाला एक अंडे. पण त्यात अंड्याचा आकार गृहीत धरलेला असतो. युरोपात मध्यम अंडे कवचासह ५३ ते ६३ ग्रॅम भरते. कवच काढल्यावर साधारण ५० ते ५५ ग्रॅम उरतात. आपल्याकडची अंडी पुष्कळदा याहून लहान असतात. म्हणून अंडी मोजण्यापेक्षा फोडून तोलणे बरे: १०० ग्रॅम मैद्याला ५० ते ५५ ग्रॅम अंडे. वजन कमी पडले तर आणखी एक पिवळा बलक घालून भरून काढावे.

अंड्याचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. म्हणजे ५५ ग्रॅम अंड्यातून १०० ग्रॅम पिठाला सुमारे ४१ ग्रॅम पाणी मिळते. पोळीच्या कणकेत हेच प्रमाण ६० ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणून पास्त्याचा उंडा सुरुवातीला कोरडा, भुसभुशीत आणि हाताला जड लागतो. त्याचा घट्टपणा पुरीच्या कणकेच्याही वरचा असतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत त्याचा गोळा होत नाही असे पाहून पाणी घालण्याचा मोह होतो. तेव्हा घातलेले एक चमचा पाणी नंतर पट्टी यंत्राला आणि ओट्याला चिकटल्यावर दिसते.

अंड्यात पांढऱ्याचे आणि बलकाचे काम वेगळे असते. पांढऱ्यात पाणी आणि प्रथिने असतात. ही प्रथिने उकळत्या पाण्यात घट्ट होतात आणि स्टार्चला बाहेर पडू देत नाहीत, म्हणून पट्टी शिजल्यावरही आपला आकार राखते. बलकात सुमारे ३० टक्के स्निग्धांश असतो आणि त्यामुळे पट्टी मऊ व मखमली होते. पीएमाँत प्रांतातल्या ‘ताय्यारिन’ नावाच्या बारीक फितींसाठी एक किलो पिठाला ३०-४० बलकही घालतात. लझानियाची पट्टी मात्र सॉसच्या ओझ्याखाली अर्धा तास ओव्हनमध्ये राहायची असते. तिला पांढऱ्याचा आधार हवाच. म्हणून अख्खे अंडे हेच तिचे योग्य माप.

पट्टीचा पिवळा रंग बलकातल्या कॅरोटेनॉइडमुळे येतो आणि बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यावर अवलंबून असतो. मका किंवा झेंडूचा अर्क असलेल्या खाद्याने बलक गडद होतो. फिकट बलकाच्या अंड्यांची पट्टी फिकी दिसते, पण तिचा पोत बिघडत नाही.

बोलोन्याच्या रिवाजात उंड्यात मीठ घालत नाहीत. ते उकळण्याच्या पाण्यात घालतात. तेलही घालत नाहीत. काही इटालियन घरांत चमचाभर ऑलिव्ह तेल घालतात. त्याने उंडा मऊ होतो, पण ग्लुटेनचे धागे एकमेकांवरून घसरतात आणि पट्टीची ताण सोसण्याची शक्ती थोडी कमी होते.

मळणे आणि मुरवणे

३०० ग्रॅम मैदा लाकडी पाटावर किंवा ओट्यावर ढीग करून घ्यावा आणि मध्ये आळे करावे. आळ्याचा काठ रुंद आणि जाड ठेवावा, म्हणजे तो फुटून अंडे वाहून जात नाही. तीन अंडी आळ्यात फोडून काट्याने फेटावीत आणि मग आतल्या बाजूने थोडे थोडे पीठ ओढून घ्यावे. मिश्रण सरबरीत झाले की उरलेले पीठ उलथन्याने किंवा हाताने वर लोटत एकत्र करावे. सगळे पीठ एकदम आत घेण्याची गरज नाही. हवेतल्या दमटपणावर आणि पीठ किती जुने आहे यावर पीठ किती पाणी ओढेल हे ठरते. दहा-वीस ग्रॅम पीठ बाजूला ठेवून अंदाज घेणे उत्तम. पाटावर राहिलेले वाळके कण उंड्यात मिसळू नयेत. ते पुन्हा ओले होत नाहीत आणि पुढे पट्टीत खडे होऊन बोचतात.

मळण्याची रीत अशी: उंडा तळहाताच्या टाचेने पुढे ढकलायचा, मागे दुमडायचा, पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा ढकलायचा. आठ ते दहा मिनिटे लागतात. सुरुवातीचा खडबडीत गोळा हळूहळू गुळगुळीत होतो, आणि बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून येतो. हाताला न चिकटणारा, वरून किंचित तुकतुकीत असा गोळा झाला की मळणे पुरे.

आता उंडा झाकून अर्धा ते एक तास ठेवावा. ओले फडके चालत नाही. त्याने वरचा थर चिकट होतो. उलटे वाडगे किंवा घट्ट झाकणाचा डबा बरा. या काळात दोन गोष्टी घडतात. पिठाच्या कणांच्या पृष्ठभागावरचे पाणी आत शिरते, त्यामुळे सुरुवातीला कोरडा वाटलेला उंडा मऊ पडतो. आणि मळताना ताणली गेलेली ग्लुटेनची जाळी सैलावते. न मुरवलेला उंडा लाटला तर लाटणे उचलताच आकसतो. जोर लावला की फाटतो. उन्हाळ्यात तापमान जास्त असेल आणि लाटायला वेळ लागणार असेल तर उंडा फ्रिजमध्ये मुरवावा आणि लाटण्याआधी पंधरा मिनिटे बाहेर काढावा. कच्च्या अंड्याचा उंडा उन्हाळ्यात तासाहून अधिक ओट्यावर ठेवू नये, कारण त्यात साल्मोनेला वाढण्याचा धोका असतो.

लाटणे: हाताने आणि यंत्राने

बोलोन्यातले पास्त्याचे लाटणे, म्हणजे ‘मात्तारेल्लो’, सरळ, मुठी नसलेले आणि ८० सेंटिमीटर ते एक मीटर लांब असते. पाटही तितकाच मोठा आणि लाकडाचा. लांबी अशासाठी की उंडा फिरवत फिरवत एकच मोठी गोल पोळी करायची असते आणि ती शेवटी लाटण्याभोवती गुंडाळायची असते. पोळी साधारण दोन-तीन मिलिमीटरवर आली की तिची कड लाटण्यावर गुंडाळतात. मग दोन्ही तळवे लाटण्याच्या मध्यावरून टोकांकडे सरकवत पोळी आडवी ताणतात आणि पाव फेरा फिरवून पुन्हा तेच करतात. यात दाबण्यापेक्षा ताणण्याचे काम जास्त असते. पोळी पसरताना तिचा पृष्ठभाग वाढतो आणि ती भराभर सुकते. म्हणून लाटायला सुरुवात केल्यावर दहा मिनिटांत काम संपवावे लागते. पोळी किती पातळ हवी हे सांगताना बोलोन्यात म्हणतात की तिच्यातून सान लुका दिसले पाहिजे. शहराबाहेरच्या टेकडीवरचे हे देवालय बोलोन्यात दुरूनही दिसते.

हाताने लाटलेली पट्टी यंत्राच्या पट्टीपेक्षा खरबरीत असते, कारण लाकडाच्या पाटाचा आणि लाटण्याचा पोत तिच्यावर उमटतो. खरबरीत पृष्ठभागावर सॉस चांगला धरतो. चेझेनातिको गावात जन्मलेल्या मार्चेल्ला हझान (१९२४–२०१३) यांनी अमेरिकेत इटालियन स्वयंपाक शिकवताना हातलाटीचा जोरदार पुरस्कार केला तो याच कारणासाठी. आपल्या पोळपाटावर एक मोठी पोळी बसत नाही. त्यामुळे उंड्याच्या चार लाट्या करून त्या ओट्यावर लांबट लाटणे सोयीचे पडते. जितकी छोटी लाटी, तितकी ती एकसारखी पातळ करणे सोपे.

हाताने फिरवायचे यंत्र विसाव्या शतकातले. पादोव्हाजवळच्या मार्काटो आणि तोरिनोच्या इम्पेरिया या कंपन्यांनी १९३०च्या दशकात घरगुती यंत्रे बाजारात आणली आणि आज जगभर याच नमुन्याची यंत्रे वापरली जातात. त्यात दोन लोखंडी रूळ असतात आणि त्यांच्यातले अंतर एका बटणाने कमी-जास्त होते. यंत्राने लाटायची पद्धत अशी आहे.

उंड्यातून १०० ते १२० ग्रॅमची लाटी कापून घ्यावी आणि उरलेला उंडा झाकून ठेवावा. लाटी हाताने चपटी करून सर्वांत रुंद फटीतून काढावी. मग तिची तीनपदरी घडी करून उघडी बाजू आधी आत जाईल अशी पुन्हा काढावी. असे चार ते सहा वेळा करावे. घड्यांमुळे ग्लुटेनचे धागे एका दिशेला लागतात, अडकलेली हवा निघून जाते आणि कडा सरळ होतात. पट्टी चिकटत असेल तर थोडी पिठी भुरभुरावी. जास्त पिठी लावली तर ती उकळत्या पाण्यात सुटते आणि पाणी गढूळ होते. यापुढे घडी न घालता फट एकेक आकड्याने अरुंद करत जावे. मधले आकडे गाळले तर पट्टी रुळांत चुरगळते. पट्टी लांब झाली की खालून दुसऱ्या हाताने तिला आधार द्यावा. हाताने ओढू नये. ओढल्यावर मध्ये पातळ पट्टा पडतो.

लझानियासाठी पट्टीची जाडी ०.८ ते १ मिलिमीटर असावी. याहून जाड पट्टीचे थर जड होतात आणि याहून पातळ पट्टी सॉसमध्ये विरघळल्यासारखी होते. कोणत्या आकड्यावर ही जाडी येते हे यंत्रागणिक वेगळे असते. काही यंत्रांत ० ही सर्वांत रुंद फट असते, काहींत ६. जाडी तपासायची सोपी खूण म्हणजे पट्टी हातावर धरल्यावर हाताची रेघ अस्पष्ट दिसली पाहिजे.

३०० ग्रॅम मैदा आणि तीन अंडी यांतून साधारण ४५० ग्रॅम उंडा होतो. ३० गुणिले २० सेंटिमीटरच्या भांड्यात सहा थर द्यायचे तर ३६०० चौरस सेंटिमीटर पट्टी हवी. ०.८ मिलिमीटर जाडीने तिचे आकारमान २८८ घन सेंटिमीटर भरते. उंडा पाण्यापेक्षा थोडा जड असतो, त्यामुळे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास जाते. कडा कापून जाणाऱ्या भागाची सोयही त्यात होते, म्हणजे एवढ्या मापाचा उंडा भांड्याला पुरतो.

कापणे आणि सुकवणे

पट्टीचे तुकडे भांड्याच्या मापाने कापावेत. करंजीचे कातणे किंवा सुरी दोन्ही चालते. उकळल्यावर पट्टी पाणी पिऊन सर्व बाजूंनी थोडी वाढते, म्हणून तुकडे भांड्यापेक्षा किंचित लहान ठेवावेत. भांड्याएवढी एकच पट्टी उकळणे आणि उचलणे कठीण असते. दहा गुणिले पंधरा सेंटिमीटरचे तुकडे हाताळायला बरे.

कापलेले तुकडे एकावर एक न ठेवता कोरड्या सुती फडक्यावर पसरावेत. दहा ते वीस मिनिटांत त्यांचा वरचा ओलावा कमी होतो आणि ते उकळत्या पाण्यात चिकटत नाहीत. पण कडा वळू लागल्या किंवा दुमडल्यावर तडा जाऊ लागला तर पट्टी जास्त सुकली असे समजावे. मुंबईच्या पावसाळ्यात हे अर्ध्या तासानेही होत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पाच मिनिटांत होते. पंख्याखाली पट्ट्या ठेवू नयेत. वरचा थर आधी आक्रसतो, आतला ओला राहतो आणि मध्येच भेगा पडतात.

उकळणे

दर लिटर पाण्याला १० ग्रॅम मीठ आणि दर १०० ग्रॅम पट्टीला किमान एक लिटर पाणी, असे मोठ्या पातेल्यात उकळत ठेवावे. पाणी कमी असेल तर पट्ट्या घातल्यावर उकळी मोडते आणि पट्ट्या तळाशी बसून एकमेकींना चिकटतात. एका वेळी तीन-चार तुकडे सोडावेत. ताज्या पट्टीला ३० सेकंद ते एक मिनिट पुरते. पुढे ओव्हनमध्ये ती पुन्हा शिजणार असते, म्हणून इथे मऊ व्हायच्या आतच काढायची.

एवढ्याशा वेळात तिच्यात मोठा फरक होतो. गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास फुगू लागतो आणि अंड्यातली प्रथिने ६० ते ८० अंशांदरम्यान घट्ट होतात. स्टार्च पाणी ओढत असतानाच प्रथिनांची जाळी त्याला बांधून ठेवते. अंडी कमी असलेल्या पट्टीचा स्टार्च सुटा होऊन पाण्यात उतरतो आणि पट्टी बुळबुळीत होते.

पट्टी झाऱ्याने उचलून लगेच थंड पाण्यात टाकावी. शिजणे तिथेच थांबते आणि पृष्ठभागावरचा चिकट स्टार्च धुऊन जातो. मग ती निथळून कोरड्या फडक्यावर एकेरी पसरावी आणि वरून दुसऱ्या फडक्याने टिपून घ्यावी. ओली पट्टी तशीच भांड्यात गेली तर सॉस पातळ होतो आणि थर कापताना घसरतात. उकळून घेतलेल्या पट्ट्या अर्ध्या तासाच्या आत वापराव्यात.

खूप पातळ ताजी पट्टी न उकळताही थेट थरांत वापरता येते. मग तिला लागणारे सगळे पाणी सॉसमधून घ्यावे लागते, त्यामुळे सॉस नेहमीपेक्षा पातळ करावा आणि भांडे पहिली वीस मिनिटे झाकून भाजावे. पट्टीचा पोत यात जरा घट्ट येतो.

थर आणि भाजणी

बोलोन्याच्या लझानियात थरांत तीनच गोष्टी असतात: रागू, बेशामेल आणि पारमिजानो रेज्जानो चीज. बेशामेल म्हणजे लोणी आणि मैदा परतून दुधात शिजवलेला पांढरा सॉस. लझानियासाठी एक लिटर दुधाला ७०-८० ग्रॅम लोणी आणि तेवढाच मैदा घेतला तर तो चमच्यातून सहज ओघळेल इतका सैल होतो. पट्टीला लागणारा ओलावा यातूनच मिळतो. घट्ट बेशामेल पट्टीला कोरडे पाडतो.

भांड्याला लोणी लावून तळाला पातळसा बेशामेल पसरावा, त्यावर पट्टी, मग रागू, बेशामेल आणि किसलेले चीज. असे पाच-सहा थर द्यावेत. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर अर्धा सेंटिमीटरपेक्षा जास्त चढू देऊ नयेत, नाहीतर तिथे दुहेरी जाडी होऊन पट्टी कच्ची राहते. प्रत्येक थरात सॉस थोडाच घालावा. थर जास्त आणि पातळ असले की पट्टी चवीत दिसते. वरच्या पट्टीवर बेशामेल आणि चीज पूर्ण झाकेल इतके घालावे. उघडी राहिलेली कड भाजताना कडक होते. १८० अंश सेल्सिअसवर ३० ते ४० मिनिटे, वरचा भाग सोनेरी होईपर्यंत भाजावे. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबल्यास स्टार्च थोडा घट्ट होतो आणि तुकडे सरळ कापले जातात.

प्रकार

बोलोन्यात लझानियाची पट्टी पुष्कळदा हिरवी असते. त्यासाठी पालक उकळून, थंड करून, मुठीत दाबून शक्य तेवढे पाणी काढून टाकावे आणि बारीक वाटावे. ३०० ग्रॅम पिठाला पिळून घेतलेला ७०-८० ग्रॅम पालक आणि दोन मोठी अंडी पुरतात. पालकात उरलेले पाणी हे पाण्याचेच माप आहे, हे विसरल्यामुळे हिरवा उंडा बहुधा चिकट होतो. पालकाचा हिरवेपणा जास्त शिजवल्यावर आणि आंबट पदार्थांच्या संगतीत तपकिरी होतो. त्यामुळे पालक दोन मिनिटांपेक्षा जास्त उकळू नये आणि लगेच थंड पाण्यात टाकावा.

अंडी न खाणाऱ्यांसाठी दक्षिण इटलीची वाट उपलब्ध आहे. तिथे ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी एवढ्यावर पास्ता होतो. प्रमाण १०० ग्रॅम रव्याला सुमारे ५० ग्रॅम कोमट पाणी. बारीक केलेला बन्सी रवा एक तास मुरवला तर त्याची पट्टी यंत्रातून नीट निघते. तिला अंड्याच्या प्रथिनांचा आधार नसतो, पण ड्युरमचे प्रमाणात जास्त असलेले ग्लुटेन ते काम करते. ही पट्टी अंड्याच्या पट्टीपेक्षा थोडी जाड, एक ते सव्वा मिलिमीटर ठेवावी आणि मिनिटभर जास्त उकळावी. मैदा आणि पाण्याची पट्टी मात्र शिजल्यावर लिबलिबीत होते.

मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात लझानियाचेच व्हिन्चिसग्रासी नावाचे रूप आहे. त्यात काही घरांत उंड्यात मार्साला वाइन घालतात. लिगुरियात, जेनोव्हाच्या परिसरात, तीच पातळ पट्टी रुमालाएवढ्या चौकोनात कापून उकळतात आणि तुळशीच्या जातीच्या पानांच्या पेस्तो चटणीत घोळून वाढतात. ही पट्टी ओव्हनमध्ये जात नाही, त्यामुळे ती होईल तितकी पातळ ठेवण्यात काही धोका नसतो.

साठवण

ताज्या अंड्याच्या पट्ट्या मधे बटर पेपर आणि थोडी रव्याची पिठी घालून, बंद डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवसांपर्यंत राहतात. नंतर पिठातल्या एन्झाइमांमुळे पट्टीवर करडे-हिरवट ठिपके पडतात आणि ओलाव्यामुळे ती चिकटू लागते. जास्त काळ ठेवायच्या असतील तर दोन वाटा आहेत. एक, पट्ट्या कच्च्या असतानाच ताटलीवर एकेरी गोठवून मग पिशवीत भराव्यात. महिनाभरात वापराव्यात आणि वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडाव्यात. दुसरी वाट म्हणजे पूर्ण लझानिया थर लावून न भाजता गोठवणे. अशा भांड्याला नेहमीपेक्षा वीस-पंचवीस मिनिटे जास्त भाजावे लागते. अंड्याच्या पट्ट्या घरी उघड्यावर वाळवून महिनोन् महिने ठेवणे धोक्याचे असते. कारखान्यात हे काम ठराविक तापमानात आणि दमटपणात, पट्टीतले पाणी मोजून केले जाते. इटालियन नियमानुसार अंड्याचा वाळवलेला पास्ता एक किलो ड्युरम रव्याला कमीत कमी चार अंडी, म्हणजे २०० ग्रॅम अंडे घालूनच करावा लागतो.

कापताना उरलेल्या वाकड्या-तिकड्या कडा टाकून देत नाहीत. एमिलियात त्यांना ‘मालताल्याती’ म्हणतात आणि त्या बीन्सच्या सूपमध्ये शेवटच्या दोन मिनिटांत सोडतात. त्यांच्यातून उतरलेला स्टार्च सूप दाट करतो. उंड्याचे उरलेले लहान तुकडे असतील तर ते पुन्हा एकत्र मळून, पंधरा मिनिटे मुरवून एकदा लाटता येतात. दुसऱ्यांदा मात्र लाटू नयेत. त्यांनी तोवर पिठी ओढून घेतलेली असते आणि हवेत पाणी गमावलेले असते, त्यामुळे पट्टी कोरडी आणि ठिसूळ निघते.